गूळ खाल्ला की छाती साफ होते? घुग्घुसच्या एका समजुतीचा लांबचा इतिहास



पेटच्या तयारीला लागलेले दोघं-तिघं मला नेहमी विचारतात, "ताई, रिसर्च क्वेश्चन सापडतो कुठं?" मोठमोठ्या जर्नलमध्ये सापडतो असं उत्तर त्यांना हवं असतं. मला माझा पहिला खरा प्रश्न घरातल्या स्टीलच्या डब्यात सापडला. त्या डब्यात गूळ असायचा.

माझे बाबा घुग्घुसला कोळशाच्या सायडिंगवर ठेकेदाराकडे कामाला होते. काम वॅगन लेव्हलिंगचं. वरून लोडरनं कोळसा टाकला की वॅगनमध्ये उभं राहून फावड्यानं तो सारखा करायचा. घरी आले की फक्त डोळे आणि दात दिसायचे. हातपाय धुवायच्या आधीच आई त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. "गूय खाऊन घ्या जी, छाती साफ राह्यते." बाबा खडा चघळायचे, मग अंगणाच्या कडेला जाऊन खाकरायचे. काळा कफ पडायचा. "पाय, निघाला ना!" असं आम्हा पोरांना सांगायचे. लहानपणी मला हे विज्ञानच वाटायचं. गूळ आत गेला, धूळ बाहेर आली, डोळ्यांनी दिसलं. आणखी पुरावा काय पाहिजे?

घुग्घुस बाहेरच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातलं, वर्धा नदीजवळचं हे गाव. आजूबाजूला कोळशाच्या खाणी, सिमेंट, स्पंज आयर्न, आणि दिवसरात्र ट्रक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांनी देशात चौथं आलं होतं. त्या पट्ट्यात घुग्घुसही धरलं होतं. आम्हाला आकड्याची गरज नव्हती. आमच्याकडं पांढरी चादर गच्चीवर वाळत घालायची तर वारा कुठून येतो ते आधी बघतात.

आणि गुळाची ही समजूत एकट्या आमच्या घरची नाही. सिमेंट कारखान्यात, खाणीत, थर्मलमध्ये, गिरणीत, जिथं धूळ आहे तिथं हिंदुस्थानभर कामगार गूळ खातात. काही ठिकाणी कामावरच गूळ वाटतात. म्हणजे कामगाराची घरगुती समजूत हळूहळू कामाच्या जागेची 'सोय' झालेली आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता मजा बघा. जुन्या वैद्यकात गूळ आहे, भरपूर आहे. पण भावमिश्रानं सोळाव्या शतकात लिहिलेल्या भावप्रकाशात नव्या गुळाबद्दल सांगितलंय की तो कफ, दमा आणि खोकला वाढवतो. जुना, वर्ष उलटलेला गूळ चांगला मानलाय. आपण दुकानातून आणतो तो या हंगामातला ताजा गूळ. म्हणजे 'आयुर्वेदात सांगितलंय' म्हणून जे आपण खातो, ते त्या ग्रंथाच्या हिशेबानं उलटंच पडतं. मला वाटतं ही समजूत वैद्यांची नाही. ती गिरण्या आणि खाणी आल्यावरची, कामगारांच्या वस्तीतली असावी. हा माझा अंदाज आहे, थीसिसमध्ये असा अंदाज लिहिला तर गाइड लाल पेन काढतील.

आता शरीराकडं येऊ. तुमच्यातले बरेच जण बीएस्सी झालेले आहेत, तरी हा भाग वगळू नका, कारण गैरसमजाचं मूळ इथं आहे.

गळ्यात मागं अन्ननलिका आणि पुढं श्वासनलिका. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं. गिळलेला गूळ पोटात जातो, छातीत नाही. छातीतून जाताना तो फुप्फुसाला हातही लावत नाही. चुकून श्वासनलिकेत गेलाच, तर ठसका लागून जीव घाबरा होतो. पण आपल्या बोलण्यात 'छाती' ही एकच जागा आहे. घास छातीत अडकतो, कफ छातीत साठतो, जळजळ छातीत होते. भाषेनं दोन नळ्यांची एक केली, आणि मग गुळानं कफ धुवून निघणं अगदी सरळ वाटायला लागलं.

मग धूळ निघते कशी? मोठे कण, साधारण दहा मायक्रॉनच्या वरचे, बहुतेक नाकातच अडकतात. त्याहून बारीक कण श्वासनळ्यांपर्यंत जातात. या नळ्यांना आतून चिकट पातळ थर असतो आणि त्याखाली केसांसारखे सूक्ष्म तंतू सारखे हलत असतात. शेतातल्या वाऱ्यानं गहू जसा एका दिशेनं डुलतो तसे. ते कफाचा थर कणांसकट वर घशाकडं ढकलतात. तिथं आपण तो थुंकतो किंवा नकळत गिळतो. बाबांचा काळा कफ हा या यंत्रणेचा. गूळ खा किंवा नका खाऊ, ती चालूच असते. बाबांनी एक दिवस गूळ न खाता खाकरलं असतं तरी काळंच पडलं असतं. पण ते कधी करून बघितलं नाही कोणी. यालाच आपण कंट्रोल म्हणतो. आणि ज्याचा कंट्रोल नाही तो पुरावा नाही, मग तो डोळ्यांनी दिसलेला का असेना.

खरी भानगड सगळ्यात बारीक कणांची. पाच मायक्रॉनहून लहान कण वायुकोशांपर्यंत पोचतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन धरा, म्हणजे कल्पना येईल. तिथं हे डुलणारे तंतू नाहीत. तिथं मॅक्रोफेज नावाच्या पेशी कण गिळतात आणि जमेल तेवढे उचलून नेतात, काही नळ्यांकडं, काही लसिका ग्रंथींकडं. हे काम अतिशय संथ आहे. माणसात कित्येक महिने, वर्षं लागतात. धूळ रोज येत राहिली तर उचलण्यापेक्षा साठणं जास्त होतं. कोळशाचे कण साठून काळे ठिपके होतात, पुढं काही जणांत फुप्फुस घट्ट व्हायला लागतं. सिलिका असेल तर ती कण गिळणाऱ्या पेशीलाच मारते आणि गाठी बनतात. जी धूळ दिसते, थुंकता येते, ती त्यातल्या त्यात बरी. त्रास देते ती न दिसणारी, आणि ती थुंकीत येत नाही.

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी मला एक पेपर सापडला आणि मी अक्षरशः खुर्चीतून उठले.

लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातले साहू आणि सक्सेना. साल 1994. जर्नल साधंसुधं नाही, 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्हज'. विषय: गुळामुळं फुप्फुसातून कणांचं वहन वाढतं! धुळीत काम करणारे कामगार गूळ खातात आणि त्यांना त्रास वाटत नाही, या निरीक्षणापासूनच त्यांनी सुरुवात केलीय. म्हणजे माझ्या आईचं म्हणणं आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये. मी घरी फोन करून सांगितलं. बाबा म्हणाले, "मंग? आमाले काय इतले दिस गंमत वाटत होती?"

दुसऱ्या दिवशी पेपर नीट वाचला. नवशिक्या संशोधकांनी तो जरूर वाचावा, कारण तो वाईट नाही आणि तरीही त्यातून आपल्याला हवं ते सिद्ध होत नाही. असे पेपर वाचायला शिकणं म्हणजे अर्धी पीएचडी.

प्रयोग उंदरांवर. श्वासनलिकेत कोळशाची किंवा सिलिकाची 50 मिलिग्रॅम धूळ एकदाच सोडली. मग काही उंदरांना 90 दिवस, आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा ग्रॅम गूळ. गूळ खाणाऱ्या उंदरांत कोळशाचे कण फुप्फुसातून लसिका ग्रंथींत जास्त गेलेले दिसले आणि फुप्फुसातली इजाही कमी दिसली.

आता पेन घ्या. उंदराची दोन्ही फुप्फुसं मिळून साधारण दीड ग्रॅमची. त्यात 50 मिलिग्रॅम म्हणजे फुप्फुसाच्या वजनाच्या तीन टक्क्यांच्या वर धूळ, एका दमात. माणसाची फुप्फुसं किलोभर धरली तर हे तीसेक ग्रॅम कोळसा एकदम ओतल्यासारखं झालं. वॅगनमधला माणूस असा श्वास घेत नाही. तो वीस वर्षं थोडी थोडी धूळ ओढतो. शिवाय उंदराचं फुप्फुस कण साफ करतं ते माणसाच्या कितीतरी पटीनं वेगानं. तिसरी गोष्ट, कण 'निघाले' ते कुठं गेले? लसिका ग्रंथींत. म्हणजे शरीराच्या बाहेर नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. आणि आईच्या म्हणण्यातला कफ तर यात कुठंच नाही.

गुळाच्या मात्रेची मात्र गंमत आहे. 200 ग्रॅमच्या उंदराला अर्धा ग्रॅम. सरळ वजनाच्या प्रमाणात 60 किलोच्या माणसाला दीडशे ग्रॅम होतो. मी पहिल्यांदा हाच हिशेब करून मैत्रिणींसमोर पेपर मोडीत काढला होता. सेमिनारला एका सरांनी थांबवलं. प्राण्याच्या मात्रेवरून माणसाची मात्रा काढताना शरीराच्या पृष्ठभागाचं प्रमाण धरतात, तसं केलं तर आकडा पंचवीस ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे बरोब्बर बाबांच्या हातावरचा खडा. मी चुकले होते, आणि चुकले ते मला पेपर खोटा ठरवायचाच होता म्हणून. समजूत मोडायला निघालेल्या माणसालाही स्वतःची एक समजूत असते.

थोडक्यात, तो पेपर एक शक्यता दाखवतो. पुढचं पाऊल होतं माणसांत बघण्याचं: धूळ मोजून, वर्षानुवर्षं, गूळ खाणारे आणि न खाणारे कामगार, एक्स-रे, श्वासाची तपासणी. पेपर मात्र वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' म्हणून फिरला आणि आजही मोबाइलवर फिरतो. उंदीर गाळून.

शहाण्यांचा गैरसमज

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की अडाणी कामगार विरुद्ध शिकलेला डॉक्टर अशी ही गोष्ट आहे. म्हणून आता इतिहासात जाऊ.

खाणकामगाराचं फुप्फुस काळं असतं हे एडिंबराच्या जेम्स ग्रेगरीनं 1831 मध्येच लिहून ठेवलं होतं. धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला नाव मिळालं 1867 मध्ये, जर्मन डॉक्टर झेंकरकडून. न्यूमोकोनिओसिस हा शब्द त्यातूनच आला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाअखेर प्रश्न सुटायला हवा होता. झालं उलटं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जाणकारांचं मत असं पक्कं झालं की दगडाची, सिलिकाची धूळ घातक, पण कोळशाची धूळ निरुपद्रवी. काही तर म्हणायचे की कोळशाची धूळ क्षयापासून वाचवते!

हे मत मांडणाऱ्यांत सगळ्यात वजनदार नाव जे. एस. हाल्डेन यांचं. हा माणूस भांडवलदारांचा हस्तक वगैरे नव्हता, हे आधी सांगते. स्फोटानंतर खाणीत माणसं बहुतेक भाजून नाही, कार्बन मोनॉक्साइडनं मरतात, हे त्यांनी 1896 च्या अहवालात दाखवलं. विषारी वायू स्वतः हुंगून परिणाम लिहून ठेवले. खाणीत कॅनरी पक्षी न्यायची कल्पना त्यांचीच. कितीतरी खाणकामगारांचे प्राण त्यांच्यामुळं वाचले. आणि तेच हाल्डेन 1936 मध्ये वारले तोवर कोळशाच्या धुळीला बहुतांशी निर्दोष मानत राहिले.

त्यांच्याजवळ आकडे होते. सरकारी मृत्यूनोंदींत कोळसा कामगारांत क्षयाचे मृत्यू इतर कष्टकऱ्यांपेक्षा कमी दिसायचे. आता रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरला बसणाऱ्यांनी सांगा, यात फट कुठं आहे?

खाणीचं काम अंगमेहनतीचं. ज्याला दम लागायला लागला तो खाण सोडतो. मग तो दुसरं हलकं काम करतो किंवा घरी बसतो, आणि मरतो तेव्हा त्याच्या नावापुढं 'खाणकामगार' असेलच असं नाही. कामावर उरतात ते धडधाकट. म्हणून कामावरच्यांची तुलना बाहेरच्यांशी केली की काम आरोग्यदायी दिसतं. याला आज हेल्दी वर्कर इफेक्ट म्हणतात. विल्यम ऑगल या इंग्रज डॉक्टरनं 1885 मध्येच मृत्यूनोंदींतला हा दोष दाखवून दिला होता. तरी पुढची पन्नास वर्षं लोक त्यात पडत राहिले. आमच्या सायडिंगवरही हेच ऐकायला मिळतं: "बीस बीस सालसे काम कर रहे है, कुछ नही होता." ज्यांना झालं ते बोलायला सायडिंगवर नसतात.

हा तिढा कोणी सोडवला? इथं मला इतिहासातला माझा सगळ्यात लाडका पुरावा सांगायचाय.

वाद असा होता की खाणीत कोळसा आणि दगड दोन्हींची धूळ असते, त्यामुळं दोष कोणाचा हे वेगळं करता येत नाही. वेगळं करायला असा माणूस पाहिजे जो फक्त कोळशात काम करतो, खाणीत कधी उतरत नाही. असे लोक होते, बंदरावर. वेल्समधला कोळसा कार्डिफला जहाजात भरला जायचा. तो वरून जहाजाच्या पोटात ओतला की आत उतरलेली माणसं फावड्यानं पसरून सारखा करायची, म्हणजे जहाज कलंडू नये. त्यांना ट्रिमर म्हणत. धुऊन-चाळून आलेला, जवळजवळ शुद्ध कोळसा. कोलिस आणि गिलख्रिस्ट यांनी 1928 मध्ये या ट्रिमर लोकांचा अभ्यास छापला. त्यांच्या फुप्फुसांतही आजार होता. दगडाची धूळ नसताना.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. वरून ओतलेला कोळसा, आत उभा माणूस, हातात फावडं. जहाजाच्या जागी वॅगन ठेवा. शंभर वर्षांपूर्वी कार्डिफच्या बंदरावर जो पुरावा उभा होता, तोच माझ्या घरी रोज संध्याकाळी गूळ खात होता.

पण एका पेपरनं मत बदलत नाही. नुकसानभरपाई आधी सिलिकाच्या दगडात काम करणाऱ्यांपुरतीच होती. दक्षिण वेल्समधले कामगार धापा टाकत अर्ज करायचे आणि 'तुम्ही तर कोळशात होता' म्हणून परत पाठवले जायचे. त्यांच्या संघटनेनं लावून धरलं, मग 1937 पासून ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेनं मोठी पाहणी केली, 1942 पासून अहवाल आले, आणि 1943 मध्ये कोळशाच्या धुळीचा आजार भरपाईत आला. ग्रेगरीच्या नोंदीपासून मोजलं तर 112 वर्षं.

पुढं कार्डिफला न्यूमोकोनिओसिसवर संशोधन करणारं युनिट निघालं. तिथं आर्ची कॉक्रन नावाचा डॉक्टर लागला. त्यानं र्‍होंडा फाक नावाच्या खोऱ्यात कामावरचेच नाही, काम सोडलेले खाणकामगारही गाठले, घरोघर माणसं पाठवून नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांचे एक्स-रे काढले. का? तर दम लागून घरी बसलेला माणूस मोजणीतून सुटू नये म्हणून. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू शिकताना जी 'कॉक्रन' लायब्ररी तुम्ही उघडता, ते नाव याच माणसाचं. नेट-सेटच्या गाइडमध्ये हे सापडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात 1937 मध्ये काही संशोधकांनी सशांवर प्रयोग केले. अ‍ॅल्युमिनियमची पूड सिलिकासोबत दिली तर सशांना सिलिकोसिस कमी होतो असं दिसलं. झालं. 1943 पासून तिथल्या सोन्याच्या आणि पुढं युरेनियमच्या खाणींत कामगारांना पाळीच्या आधी बंद खोलीत बसवून अ‍ॅल्युमिनियमची पूड हुंगायला लावायचे. मॅकइंटायर पावडर तिचं नाव. औषध म्हणून. हे 1979 पर्यंत चाललं. फायदा झाल्याचं सिद्ध झालं नाही, आणि 2020 मध्ये आलेल्या अभ्यासात त्या कामगारांत पार्किन्सनचं प्रमाण जास्त आढळलं.

धुळीवर उपाय म्हणून माणसाला आणखी धूळ. सशाचा पेपर खोटा नव्हता. ससा आणि माणूस यांच्यामधली पायरी गाळली एवढंच. गुळानं कोणाला पार्किन्सन होत नाही, तुलना तिथं थांबते. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. पाणी मारणं, धूळ ओढणारे पंखे, झाकलेले पट्टे, झाकलेले ट्रक, याला पैसा लागतो आणि ते मालकाला करावं लागतं. पूड किंवा गूळ स्वस्त असतो आणि घ्यायचं काम कामगाराचं असतं. आमच्या आईचा गूळ प्रेमाचा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. कामाच्या जागी वाटला जाणारा गूळ वेगळा. तो हातावर पडला की धूळ किती आहे हे मोजायचं राहून जातं.

मग लोकांना बरं वाटतं ते खोटं?

नाही. गोड पदार्थानं लाळ सुटते, गिळणं वाढतं, कोरडा घसा ओला होतो, खवखव कमी होते. खोकल्याच्या औषधांच्या परिणामात गोड चवीचा आणि विश्वासाचा वाटा बराच मोठा असतो, असं रॉन एकल्स या संशोधकानं मांडलंय. तेही कार्डिफचेच, योगायोग बघा. शिवाय आठ तास फावडं मारून आलेल्या माणसाला साखरेनं तरतरी येते. बरं वाटणं खरं असतं, घशातलं. वायुकोशातल्या धुळीशी त्याचा संबंध नाही.

आमच्या घरी ही गोष्ट पुस्तकी राहिली नाही. बाबांना दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. चहातली साखर त्यांनी त्याच दिवशी बंद केली. गूळ चालूच. "गूय म्हंजे साखर होय का बे?" गुळात बहुतांश साखरच असते, तीच सुक्रोज, थोडे क्षार आणि रंग सोडले तर. मी समजावलं. आईनं समजावलं नाही, कारण तिची काळजी वेगळी होती. "शुगर गोयीनं कमी होते. छातीतलं कायनं कमी होईन?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. फुप्फुस घट्ट झालं की ते मोकळं करणारं औषध आजही नाही. धुळीपासून लांब राहणं, तंबाखू-बिडी बंद, क्षयाची तपासणी, श्वासाचे व्यायाम, एवढंच. समजूत काढून घेतली तर तिच्या जागी ठेवायला माझ्या हातात हे होतं. आईनं ऐकून घेतलं आणि डबा फळीवरच ठेवला.

दम वाढला म्हणून मागच्या वर्षी त्यांना दाखवलं. नाव घेत नाही, पण पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी वय विचारलं, बिडी विचारली, घरात टीबी कोणाला आहे का विचारलं. काम काय करता हे विचारलंच नाही. टीबीची औषधं सुरू करायची तयारी झाली होती, थुंकीत काही सापडलेलं नसताना. इटलीतल्या मोडेनाच्या रामाझिनीनं 1700 साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात डॉक्टरांना सांगितलं होतं की हिपोक्रॅटिसनं सांगितलेल्या प्रश्नांत आणखी एक घाला: तुम्ही काम काय करता? तीनशे वर्षांहून जुना प्रश्न आहे.

आपल्याकडं खाण नियम 1955 मध्ये खाणीतल्या माणसाची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली होती, छातीचा एक्स-रे धरून. कागदावर ठेकेदाराचा माणूस त्यातून वगळलेला नव्हता. बाबांच्या 19 वर्षांत एकदाही झाली नाही. त्यामुळं आज त्यांच्या छातीत जे दिसतं ते कधीपासून आहे, हे सांगणारा जुना एक्स-रेच नाही. इतिहासाच्या भाषेत, दप्तरच नाही.

माझ्या पीएचडीचा विषय यातूनच निघाला, त्याबद्दल सिनॉप्सिस मंजूर झाला की सविस्तर लिहीन. तोवर कोणी चंद्रपूर, वणी, राजुरा भागातले असाल आणि घरात धुळीत काम केलेलं माणूस असेल, तर कामाची वर्षं, जागा, काम काय, मास्क होता की रुमाल, हे एका वहीत लिहून ठेवा. जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका.

या महिन्यात दुसऱ्या दवाखान्यात नवा एक्स-रे काढला. फॉर्म बाबांनीच भरला. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: 'निवृत्त'. मी पेन मागितला आणि शेजारी लिहिलं: 'कोळसा सायडिंग, वॅगन लेव्हलिंग, 19 वर्षं.' रेडिओलॉजीच्या मॅडमनी ते वाचलं, फिल्म परत दिव्यावर लावली, आणि बाबांना विचारलं, "काका, वॅगनच्या आत उभे राहायचे का वरून?"

"आतच ना जी," बाबा म्हणाले. "वरून कसं सारखं होईन?"